बिनघामाची सून

मनोरमाबाई जगदाळ्यांच्या सुनेला घाम येत नाही, ही गोष्ट चैत्र निम्मा सरतो न सरतो तोच साऱ्या गावाला ठाऊक झाली होती. आणि ती ठाऊक करून देण्याची मेहनत मनोरमाबाईंनी स्वतः घेतली होती. दूध घालायला जाताना, नळावर, देवळाच्या पायरीवर, जिथे चार बायका भेटतील तिथे त्या सांगत, "आमची अनुश्री दिवसभर भट्टीशी उभी असते, पण ब्लाउज बघा तिचा, एकदम सुक्का! एक बूंद नाही."

बायका हेव्याने माना हलवत. कुणाला ती पुण्याई वाटे, कुणाला खानदानी गुण. अनुश्रीला मात्र कुणी विचारलं नाही.

गाव इंदूरच्या बायपासला खेटून होतं. रस्त्याच्या पलीकडे टाउनशिपचे मनोरे उभे राहिले होते, अलीकडे अजून बटाटा निघत होता. होळी आटोपली की इकडची वावरं पांढरी होत. गहू निघून रिकाम्या झालेल्या जमिनीवर हिरव्या जाळ्या अंथरायच्या, बटाटे सोलून, मशीनवर काप पाडून, तुरटीच्या पाण्यातून काढून, मोठ्या कढावात उकळायचे आणि जाळ्यांवर वाळत घालायचे. एका उन्हात कडक झाले तर माल पांढराशुभ्र. ऊन कमी पडलं की काप काळे पडतात, आणि काळा चिप्स कुणी हातात धरत नाही. त्यामुळे शहरातली माणसं ज्या उन्हाला शिव्या देत, त्याच उन्हाची इथे घरोघरी आरती व्हायची तेवढी बाकी होती. "आज काय मस्त तापून राहिलंय!" असं मनोरमाबाई पहाटेच्या आभाळाकडे बघून म्हणत आणि खूष होऊन चुलीकडे वळत.

जगदाळ्यांचे पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते. घोडे गेले, बरीचशी जमीन बायपासमध्ये गेली, यजमान गेले. उरलं ते विहिरीकडचं एक वावर आणि मनोरमाबाईंचा आवाज. त्या आवाजावर त्यांनी चिप्सचा कारभार चालवला होता. मुलगा भूषण लोडिंग रिक्षाने माल शहरात पोचवायचा. सून कढावाशी, आणि बाकी कामाला गावातल्या पाच-सहा बायका.

सून कढावाशी कशी आली, त्यामागे मागच्या वर्षीची फजिती होती. तेव्हा भट्टीवर जनाबाई असे. जनाबाई अंगाने भरलेली, तिच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाची धार लागायची. व्यापारी उदयसिंह एका बड्या गिऱ्हाइकाला माल दाखवायला घेऊन आला आणि नेमका तेव्हाच तो घाम त्या गिऱ्हाइकाने पाहिला. माणूस तोंडाला रुमाल लावून गाडीत जाऊन बसला तो उतरलाच नाही. सगळा सीझन मग मिळेल त्या भावाने माल द्यावा लागला. यंदा पहिल्याच आठवड्यात मनोरमाबाईंनी सुनेचा कोरडा ब्लाउज पाहिला, हात लावून खात्री केली आणि जनाबाईला टोपल्या वाहायला लावलं. सासूला वाटलं, देवाने मागच्या वर्षीचं नुकसान भरून दिलं.

देवाचा त्यात संबंध होता, पण वेगळा. उर्वी झाल्यानंतर अनुश्रीचं डोकं फिरलं होतं. तिला भिंतीतून बोलणं ऐकू यायचं. एकदा ती तान्ह्या पोरीला घेऊन विहिरीच्या काठावर पाय सोडून बसली होती आणि मनोरमाबाईंनी तिला मागून मिठी मारून ओढली होती. मग इंदूरचं इस्पितळ, वॉर्ड, इंजेक्शनं, गोळ्या. मनोरमाबाईंनी खजरान्याला जाऊन गणपतीच्या मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढलं, सून बरी झाली तर सुलट काढीन म्हणून. सून बरी झाली. वर्षभर भिंती गप्प राहिल्या. मनोरमाबाई वाजतगाजत खजरान्याला गेल्या, स्वस्तिक सुलट काढलं, लाडू वाटले आणि घरी येऊन म्हणाल्या, "नवस फेडला. आता गोळ्या बंद. बाप्पाने बरं केल्यावर वरून गोळ्या खाणं म्हणजे त्याच्यावर भरोसा नाही असं होतं."

त्यांच्याशी वाद घालायची छाती त्या घरात कुणाची नव्हती. डॉक्टर तर फोनवर भूषणवर ओरडलाच, गोळ्या बंद करायच्या नाहीत म्हणून. तेव्हा नवरा-बायकोने मधला मार्ग काढला. भूषण शहरात राजवाड्याकडे माल टाकून परतताना तिकडच्याच एका दुकानातून गोळ्या आणायचा, आणि अनुश्री रोज रात्री भांडी घासून झाली की मोरीत उभ्याने गिळायची. ज्या गोळ्यांनी भिंतींना गप्प केलं होतं त्यांनीच तिचा घामही बंद केला होता. डॉक्टरने सांगितलंही होतं, "इनसे पसीना कम होगा, धूप और गर्मी से बचाना." भूषणने मान डोलावली होती. तेव्हा थंडीचे दिवस होते.

आता ऊन डोक्यावर होतं आणि खाली भट्टी.

भट्टीवर पत्र्याचं छप्पर, तीन बाजू उघड्या. कढावातलं पाणी सतत खदखदत असायचं. त्यात काप टाकायचे, झाऱ्याने हलवत राहायचं आणि काप अर्धपारदर्शक झाले की झटक्यात जाळीच्या टोपलीत उपसायचे. जरा उशीर झाला की मोडतात, घाई केली की वाळताना काळे पडतात. अनुश्रीच्या हाताला ते जमलं होतं. जमलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला अलीकडे वाटायचं.

"लाडी, थारे तो पसीनो ज नी आवे!" जनाबाई रिकामी टोपली आदळत म्हणाली. तिच्या गळ्यावरून, कोपरांवरून घाम ओघळत होता. "इथे बघ, मी तर नहाऊन निघाले. भागवान आहेस."

अनुश्री हसली. जनाबाईच्या मानेवरून वाऱ्याची झुळूक गेली आणि जनाबाईने सुखाने "हाऽऽ" केलं, ते ती बघत राहिली. तीच झुळूक अनुश्रीच्याही अंगावरून गेली होती. तिला ती भट्टीच्या तोंडासारखी लागली. ओलं अंग वाऱ्याने गार होतं. तिचं अंग कोरडं होतं, तापल्या पत्र्यासारखं. आत गेलेली उष्णता आतच राहायची. दुपारपर्यंत ती मांड्यांत, पाठीत, डोळ्यांच्या मागे साठत जायची. तांब्याने पाणी प्यायली तरी ते पोटात डचमळत राहायचं आणि जीभ पुन्हा टाळ्याला चिकटायची. तिने डोक्यावरून एक तांब्या ओतून घेतला, तर वावरातून मनोरमाबाईंचा आवाज आला, "अगं कढावाजवळ पाणी नको उडवू! आंच मरते, आणि बघणाऱ्याला वाटेल घामच आहे!"

त्या दुपारी झारा उचलताना तिला दोन कढाव दिसले. कानात मधमाश्या उठल्या. ती खांबाला धरून खाली बसली आणि जवळ आलेल्या सासूला म्हणाली, "आईजी, डोकं भणभणून राहिलंय. आग होतीय आतून. थोडा वेळ जनाबाईंना उभं करा."

मनोरमाबाईंनी तिच्याकडे बघितलं. ती नजर अनुश्रीला पाठ होती. विहिरीच्या काठावरून ओढल्यानंतर सासूने असंच बघितलं होतं, आणि वॉर्डातून घरी आणल्यावर कित्येक महिने त्या असंच बघत होत्या.

"डोक्यात काय होतंय?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "काही ऐकू येतंय?"

"नाही हो आईजी. गरमीने होतंय."

"गरमी सगळ्यांनाच आहे. तुला तर घामसुद्धा नाही." मग पलीकडे बाभळीच्या सावलीत खेळणाऱ्या उर्वीला त्यांनी हाक मारली, "उर्वी, इकडे ये बेटा. आज आजीजवळ झोपायचं हं."

अनुश्री उठली. खांब सोडला आणि झारा हातात घेतला. "झालं बरं," ती म्हणाली. "उगीच चक्कर आली होती. जेवले नव्हते ना."

पोरगी दोन वर्षं आजीच्या कुशीत झोपत होती. यंदाच्या संक्रांतीपासून ती आईच्या अंथरुणात आली होती. झोपेत आईच्या कानाची पाळी धरून ठेवायची. अनुश्रीला दुसरं काही नको होतं. पण मनोरमाबाईंचं ठरलेलं होतं: सुनेचं पुन्हा बिनसलं तर उर्वी रतलामला आत्याकडे. तिथे शाळाही चांगली होती. त्यामुळे डोकं दुखतं, डोकं गरम होतं, डोकं फिरतं यातलं काहीही या घरात तोंडातून काढायची सोय अनुश्रीला नव्हती. दुसऱ्या कुणाचं डोकं दुखलं तर चहा मिळायचा. तिचं दुखलं तर पोरगी जायची.

संध्याकाळी भूषण आला. रिक्षातल्या रिकाम्या गोण्या काढायला मदत करते म्हणून ती गोठ्यामागे गेली. त्याने शर्टाच्या आतून गोळ्यांची पट्टी काढून तिच्या हातात सरकवली.

"मला भट्टीवरून काढा," ती म्हणाली. "मी बटाटे सोलते, काप जाळ्यांवर पसरते पहाटे, मशीन चालवते. पण कढाव नको. मरून जाईन मी एखाद दिवशी."

"अगं आईला काय सांगू?" भूषण गोणी झटकत राहिला. "गोळ्या चालू आहेत म्हणून सांगू? ती मला घरातून काढेल आणि वर खजरान्याला जाऊन नाक घासून येईल."

"मग डॉक्टरला विचारा ना."

"विचारलं ना यार. तो बोलतो, सिर भारी लगता है तो लेके आओ, दवाई बढ़ाके देखेंगे." त्याने तिच्याकडे पाहिलं. "वाढवून घ्यायची का?"

अनुश्रीला हसू फुटलं. डोकं तापतं गोळीने, आणि तापलं म्हणून गोळी वाढवायची. हसणंही तिने लगेच आवरलं. आपण एकटीनेच हसलेलं बरं दिसत नाही, हे तिला आता कळत होतं.

"आठ-दहा दिवस काढ अनु," भूषण म्हणाला. "उदयसिंह मोठी पार्टी घेऊन येतोय. नमकीनची कंपनी आहे, सफाईवाला माल पाहिजे त्यांना. व्हिडिओ बनवणार आहेत भट्टीचा. त्याने तिथे तुझंच सांगितलंय, पसीना येत नाही म्हणून. ऑर्डर पक्की झाली की मी आईला सांगतो. पक्का. तोवर टेन्शन नको घेऊ."

भूषण वाईट माणूस नव्हता. वॉर्डात तिच्याजवळ तोच बसला होता, तिचे केस त्याने विंचरले होते. पण आईसमोर तो उभा राहिला की त्याचे खांदे आपोआप उतरायचे, आणि तो सांगणार म्हणजे कधी सांगणार, हे अनुश्रीला लग्नाच्या वर्षापासून माहीत होतं.

त्या रात्री तिने गोळी घेतली नाही. मोरीत उभी राहिली, तांब्या तोंडाला लावला आणि गोळी कमरेला खोचली. पहाटे भट्टी पेटवताना ती निखाऱ्यात टाकली. दुसऱ्या दिवशीही तसंच केलं, तिसऱ्या दिवशीही. पार्टी येऊन जाईतो फक्त, असं ती स्वतःला बजावत होती. ऑर्डर झाली की परत सुरू. तोवर अंगाला जरा श्वास मिळू दे.

आणि एका सकाळी कढावाशी उभी असताना तिच्या वरच्या ओठावर काहीतरी सरकलं. तिला आधी माशी वाटली. तिने जीभ लावली, तर खारट. तिने पदर वर करून गळ्याला हात लावला. गळा ओला होता. खांद्यांच्या मधून पाठीच्या पन्हळीत एक थेंब सावकाश उतरत गेला, कमरेशी परकराच्या नाडीत मुरला. मग विहिरीकडून वारा आला आणि तिच्या सगळ्या अंगावर काटा आला, गारव्याने. अनुश्रीने डोळे मिटले. इतकं सुख तिला कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. रडू येईल असं वाटलं.

मग तिने घाईघाईने तोंड पुसलं आणि कुणी बघितलं का ते पाहिलं. नव्हतं बघितलं.

तेव्हापासून ती पदराखाली कपाळाला फडकं आवळून बांधायला लागली. दर थोड्या वेळाने लाकडं सारण्याच्या निमित्ताने वाकायची आणि चेहरा पुसायची. दिवस सोपा झाला. दुपार आली तरी ती उभी असे, काप सुरेख निघत, जनाबाईच्या गमतींना ती उलट उत्तरं देई. मनोरमाबाईसुद्धा म्हणाल्या, "आज खुलली आहेस बेटा."

रात्र मात्र अवघड होऊ लागली. झोप पातळ झाली, मग आलीच नाही. उर्वी कान धरून झोपलेली असे आणि अनुश्री पंख्याची पाती मोजत पडे. कुकरची शिट्टी कानात तासभर राहायची. बायपासवरच्या ट्रकांचे हॉर्न आपल्यालाच काही सांगताहेत, असं वाटायला लागायचं आणि ती स्वतःचा दंड चिमटून म्हणायची, नाही, ट्रक आहेत ते. तिला या वाटेची खूण माहीत होती. पुढे विहीर कुठे आहे तेही माहीत होतं. एके पहाटे भिंतीतून कुणीतरी घसा खाकरल्यासारखं केलं, तेव्हा ती इतकी घाबरली की पट्टीतून गोळी काढून तिने हातावर घेतली. पण पार्टी दुसऱ्याच दिवशी येणार होती, आणि ते ऊन, ती भट्टी, तो आतून शिजत जाणारा दिवस तिला आठवला. एकच दिवस, ती म्हणाली आणि गोळी परत ठेवली.

पार्टी भर दुपारी आली. पांढऱ्या गाडीतून उदयसिंह उतरला, आणि त्याच्यामागे कंपनीतली रुची नावाची मुलगी, डोक्यावर हॅट, हातात मोबाइल लावलेली काठी. पुण्याहून इंदूरला नोकरीला आलेली. तिचं स्वच्छ मराठी ऐकून मनोरमाबाई विरघळल्या. आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेत वगैरे सगळं त्यांनी सरबताच्या ग्लासाबरोबर तिला पाजलं.

"बापरे, काय हे ऊन!" रुची भट्टीपाशी येऊन म्हणाली. "तुम्ही कशा उभ्या राहता हो इथे?"

अनुश्री नुसती हसली. रात्रभर झोप नव्हती. रुचीची हॅट फार पिवळी दिसत होती.

"मैडम, यही तो मैं बता रिया था," उदयसिंह पुढे झाला. "देखो, सबको पसीना आ रिया है. मेरेको, आपको. और इनको देखो! एक बूँद नी. भगवान का दिया है. पूरे मालवे में ऐसा साफ माल नी मिलेगा आपको."

"खरंच?" रुचीने मोबाइल वर केला. "जरा जवळून घेते हं. तुम्ही काम करत राहा, माझ्याकडे बघू नका."

मनोरमाबाई पदर सावरून बाजूला उभ्या राहिल्या. भूषण रिक्षाशी. बायकासुद्धा हातातलं काम टाकून बघू लागल्या. आता वाकून तोंड पुसायची सोय नव्हती. अनुश्रीने झारा फिरवला. कपाळावरचं फडकं भिजून जड झालं होतं. एक थेंब फडक्याखालून निघाला, भुवईत अडकला, सुटला, नाकाच्या कडेने खाली आला. तिने मान किंचित वर केली, त्याला थोपवायला. काप अर्धपारदर्शक झाले होते. आता काढले नसते तर मोडले असते. हाताने आपलं काम केलं. ती झारा उचलून टोपलीवर वाकली, आणि थेंब नाकाच्या शेंड्यावरून सुटून पांढऱ्या कापांवर पडला. त्याच्यामागून दुसरा पडला. वाट मोकळी झाल्यासारखे हनुवटीवरून तीन-चार ओघळले.

कढाव तेवढा खदखदत होता. रुचीने मोबाइल खाली घेतला.

"असू दे, असू दे," ती लाजून म्हणाली. "उन्हात होणारच ना. आपण... आपण हे नंतर बघू." ती गाडीकडे वळली.

"भिया, ये क्या करा दिया तुमने," उदयसिंह भूषणला दातओठ खाऊन म्हणाला. "मेरी तो इज्जत का फालूदा हो गया." मग गाडीमागे धावत तो हिंदीत, इंग्रजीत, जमेल त्या भाषेत रुचीची समजूत काढत राहिला. गाडी निघताना त्याने खिडकीतून ओरडून सांगितलं, एक मौका और मांगा है, फोन करता हूँ.

जनाबाई हळूच पुढे आली आणि तिने ती टोपली उचलून ओतून टाकली. अनुश्रीच्या खांद्यावर हात ठेवून ती काही बोलणार होती, पण मनोरमाबाईंना येताना पाहून निघून गेली.

घरात आल्यावर मनोरमाबाईंनी दार लोटलं. उर्वीला बाहेर जनाबाईजवळ बसवलं होतं. भूषण कोनाड्याशी उभा राहिला.

"इतके दिवस घाम नाही. आजच कसा आला?" सासूचा आवाज चढलेला नव्हता, हेच भीतीचं होतं. "मुद्दाम केलंस?"

अनुश्रीने भूषणकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. तिला वाटलं, सांगून टाकावं. सगळंच सांगून टाकावं. खरं कळलं की कुठल्या माणसाला पाझर फुटणार नाही? आपला घाम देवाने नाही, औषधाने बंद केलाय, आपण रोज आतून भाजत होतो, हे कळल्यावर ही बाई आपल्याला एक दिवस तरी कढावाशी उभी करेल का? लपवण्यानेच सगळं अडलं होतं. सुटकेचं दार तर इतके दिवस इथेच होतं.

"आईजी, माझ्या गोळ्या कधी बंदच नव्हत्या झाल्या," ती म्हणाली. "डॉक्टरने नाही म्हटलं होतं. आम्ही तुमच्यापासून लपवलं. त्या गोळ्यांनी घाम बंद होतो. घाम नाही आला की गरमी आतच राहते, माणूस मरू शकतो. मला सहन होईना म्हणून मी आठ-दहा दिवस घेतल्या नाहीत. म्हणून आला घाम." तिने कपाळावरचं ओलं फडकं सोडलं. "आणि आता झोप येत नाही मला. भीती वाटते. गोळ्या मला लागतातच. पण गोळ्या घेऊन भट्टी नाही होणार आईजी. मला सावलीत कुठलंही काम द्या. रात्रंदिवस करीन."

मनोरमाबाई मटकन खाटेवर बसल्या. त्या बोटातली अंगठी फिरवत राहिल्या.

"मी बाप्पासमोर सुलट काढलं," त्या म्हणाल्या. "लाडू वाटले. आणि तुम्ही दोघं मागून..." त्यांचे डोळे भरून आले. ते रडणं खोटं नव्हतं. विहिरीच्या काठावर याच हातांनी त्यांनी सुनेला आवळून धरलं होतं, आणि त्यानंतर महिनोन्‌महिने विहिरीकडच्या दाराला आपल्या हाताने कुलूप घातलं होतं. अनुश्री त्यांच्या पायाशी बसली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिला वाटलं, झालं, सुटले.

"भूषण," मनोरमाबाई डोळे पुसून म्हणाल्या, "गोळ्या कुठे आहेत?"

भूषणने कोनाड्यातल्या डब्यामागून पट्टी काढली आणि आईच्या हातात दिली. अनुश्रीकडे त्याने पाहिलं नाही.

दिवेलागणीला मनोरमाबाई तांब्या आणि गोळी घेऊन खोलीत आल्या. उर्वीचं अंथरूण त्यांनी स्वतः आईच्या अंथरुणाला लावून घातलं. पोरगी वर चढून बसली आणि चादरीची टोकं ओढायला लागली.

"घे," त्या म्हणाल्या. "आजपासून माझ्या हातून घ्यायची, माझ्यासमोर."

"आणि भट्टी?"

"सीझन जाईतो कर. पुढच्या वर्षी बघू. उदयसिंह परवा त्यांना परत आणतोय, हातापाया पडून तयार केलंय त्या पोरीला." त्या तिच्याशेजारी बसल्या. आवाज मऊ होता, आजाऱ्याशी बोलावा तसा. "मी तुला थंड पाणी देत जाईन दर घडीला. डोक्यावर ओला पंचा टाकीन. जनाबाई मागून वारा घालेल. तुला काय वाटलं, मी तुला मरू देईन?"

"आईजी, डॉक्टर म्हणाला होता..."

"डॉक्टर गोळी घे म्हणाला ना? मग मी तेच करून राहिले." त्यांनी उर्वीच्या केसांवरून हात फिरवला. "नाही घेतलीस तर तू पुन्हा विहिरीवर जाशील. मला तो दिवस दुसऱ्यांदा नाही बघायचा. आणि तशा आईजवळ मी पोर ठेवणार नाही, रतलामला फोन करीन. घेतलीस तर पोर तुझ्याजवळ, घर तुझं, आणि माल साफ. यात वाईट काय आहे सांग."

अनुश्रीने खरंच शोधून पाहिलं. गोळी नाही घेतली तर भिंत बोलणार होती, आज नाही तर उद्या, आणि मग उर्वी जाणार होती. घेतली तर कढाव होता. यातलं काहीही सासूने रचलं नव्हतं; त्यांनी फक्त दोन्ही टोकं हातात धरली होती. आणि ती टोकं अनुश्रीनेच आज दुपारी त्यांच्या हातात दिली होती.

तिने गोळी जिभेवर ठेवली आणि पाणी प्यायली.

"तोंड उघड," मनोरमाबाई म्हणाल्या. "जीभ वर कर."

वॉर्डात नर्स असंच बघायची. अनुश्रीने तोंड उघडलं, जीभ वर केली, मग एका गालात नेली, मग दुसऱ्या गालात. उर्वीला तो खेळ वाटला. तिनेही आ केला आणि जीभ वर करून आजीला दाखवली. मनोरमाबाई हसल्या, नातीचा गाल ओढला आणि तांब्या घेऊन ओसरीवर गेल्या. थोड्या वेळाने त्यांचा फोनवरचा आवाज आला, नेहमीसारखा, चार घरं ऐकतील एवढा.

"हओ भिया, परवा आणा मॅडमना. नाही, नाही, तबियत जरा नरम होती, दवा दिली. आता एक बूंद नाही येणार. जिम्मेदारी माझी."

उर्वी कुशीत शिरली. तिने आईचा कान धरला आणि नाक मुरडून म्हणाली, "आई, तू ओली आहेस."

"हो," अनुश्री म्हणाली.

मानेवरचा घाम तिने पुसला नाही. होता तेवढा राहू दिला.